पगारवाढीचा धसका

...नाही नाही, हसू नका, हसण्यासारखं काही नाहीये यात! माझ्या जागी असतात ना तर तुमचंही हसू पळालं असतं. अहो, त्या बाईनं नुसतं "मिस लुव्हर्न, जरा माझ्या खोलीत येता का, एक छान बातमी आहे" एवढं म्हटलं आणि माझ्या हातातला डाव थेट सूपच्या पातेल्यात! छान बातमी म्हणे! वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षं ओटची लापशी ढवळणाऱ्या बाईला मॅनेजर स्वतः येऊन गोड आवाजात छान बातमी आहे म्हणते, याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? याचा अर्थ पगार वाढला. झालं! मेले मी! तिथंच चुलीला टेकले आणि मनातल्या मनात म्हटलं, अहो, माझं भलं नका करू हो, कुणी सांगितलंय तुम्हाला माझं भलं करायला?

आता तुम्ही म्हणाल, ही बाई वेडी आहे, पगार वाढला म्हणून कुणी रडतं का? रडतं! विस्कॉन्सिनमधल्या आमच्या काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, रडतं. तुम्हाला सांगते, आमच्या काउंटीत एक रेघ आहे. दिसत नाही हं ती, रस्त्यावर नाही, भिंतीवर नाही, पण आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोराला विचारा, तो सांगेल रेघ कुठं आहे ते. तुम्ही कामाला जाता, पण कमावता रेघेच्या अलीकडे, तर तुमच्या लेकराच्या पाळणाघराचे पैसे काउंटीचं सरकार भरतं. रेघेच्या पलीकडे गेलात, एका पावलानं गेलात, चवड्यावर उभं राहून नुसतं डोकावलात तरी, खलास! तुम्ही श्रीमंत! आता तुमचं तुम्ही बघा! आणि पाळणाघराचे पैसे किती, तर माझ्या घरभाड्याहून जास्त. म्हणजे तासामागे चार नाणी वाढणार आणि त्यापायी महिन्याचं सगळं घरच निघून जाणार... कुठल्या शाळेत शिकवतात हो असला हिशेब?

आणि माझ्याकडे आमोस आहे ना. चार वर्षांचा. माझ्या लेकीचा मुलगा. लेक टेक्सासला गेलीय कामासाठी, "जरा जम बसला की नेते त्याला, मॉम," असं म्हणते, आणि तिचा तो जम काही बसत नाही, मग मीच त्याची आई, मीच आजी, बिगमा म्हणतो मला. सकाळी मी त्याला मिस ओपलच्या पाळणाघरात सोडते, तिथं खुंटीला त्याच्या नावाखाली बदकाचं चित्र आहे, ते त्याचं बदक, दुसऱ्या कुणी तिथं कोट अडकवलेला त्याला चालत नाही, आणि मग मी बस धरून कामाला जाते. ते बदक गेलं की माझं काम गेलं. काम गेलं की भाडं गेलं. भाडं गेलं की... नको, तो विचारच नको.

बरं, मी उगाच भिते का? अर्नेस्टीनचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अर्नेस्टीन माझ्या शेजारच्या शेगडीवर असायची, भाज्या तिच्याकडे, हसरी, जाडजूड, रविवारी चर्चमध्ये गायची तर पुढच्या रांगेतल्या बाईची टोपी हलावी. तिला पगारवाढ मिळाली. आम्ही अडाणी, आम्ही टाळ्या वाजवल्या, केक आणला! केक! आमच्याच हातानं! आणि पुढं काय, काउंटीनं दोन्ही पोरांचे पैसे थांबवले, पोरं घरी, मग अर्नेस्टीन घरी. त्या पगारवाढीनं तिची नोकरी खाल्ली हो, निळ्या आयसिंगसकट खाल्ली. मी तिला भेटायला गेले तर दार उघडून म्हणते कशी, "लुव्हर्न, मला शिवी दे, मारलंस तरी चालेल, पण कधी माझं अभिनंदन करू नकोस." तेव्हापासून माझ्या मनात धसका बसला तो बसलाच.

तर अर्नेस्टीनची नोकरी गेली आणि आम्ही शहाण्या झालो. आमच्याकडे दर महिन्याला 'महिन्याचा मानकरी' निवडायचे. भिंतीवर फोटो, केकचा तुकडा आणि वर पगारवाढ. आणि निवडायचं कुणी, तर आम्हीच, मतं टाकून. आता सांगा, कोण टाकणार कुणाच्या नावावर ही आपत्ती? भांडी घासायला माय येर नावाची पोरगी, तिची तीन लेकरं पाळणाघरात, म्हणून ती नको. चादरी धुणाऱ्या बायका नकोत. मी तर नकोच नको. मग आम्ही सगळ्यांनी झाडून कॅझिमिरला मत दिलं. कॅझिमिर म्हणजे आमचा तळघरातला बॉयलरवाला, पोलिश म्हातारा, बायको देवाघरी, पोरं मोठी, घर स्वतःचं, काउंटीकडून एक छदाम घेत नाही. त्याला रेघेची भीतीच नाही! तो महिन्याचा मानकरी झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच. त्याच्या पुढच्या महिन्यात? तोच! भिंतीवर ओळीनं कॅझिमिर, निळ्या स्वेटरात कॅझिमिर, तपकिरी स्वेटरात कॅझिमिर, एकदा नाताळची टोपी घालून कॅझिमिर. तो बिचारा लाजून म्हणायचा, "पोरींनो, अगं मी नुसता एक नळ फिरवतो गं!" आम्ही म्हणायचो, "पण काय फिरवता, मिस्टर कॅझ!" शेवटी शेवटी त्याचा पगार मुख्य आचाऱ्याच्या वर गेला. त्या लाजेनं तो आमच्यासाठी जॅम भरलेल्या पोंचकी, म्हणजे त्यांच्याकडचे डोनट, आणायचा, आम्ही त्या खायचो, सगळे सुखात होते. जुन्या मॅनेजरनं त्या भिंतीकडे कधी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, देव त्याचं कल्याण करो.

आणि मग कॅझिमिरचे गुडघे गेले. विस्कॉन्सिनची थंडी सोसत नाही म्हणाला, आणि गेला ॲरिझोनाला मुलाकडे. त्याला निरोप देताना काय रडलो हो आम्ही! लोकांना वाटलं माया. माया होतीच, पण खरं सांगू, आम्ही स्वतःसाठी रडत होतो.

त्याच सुमारास जुना मॅनेजरही नोकरी सोडून गेला आणि आली ही मिस मेरेडिथ. तरणीताठी, गोरीगोमटी, मनानं अगदी लोण्यासारखी, तेच तर वाईट! दुष्ट बाईशी आपण निभावून नेतो, भल्या बाईपुढं काय करणार? ती भिंतीसमोर उभी राहिली, सगळे कॅझिमिर बघितले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "म्हणजे इथं तुमच्या कामाकडे कुणी पाहिलंच नाही का? इतकी वर्षं? यापुढं मतं नाहीत. मी स्वतः स्वयंपाकघरात येऊन बघणार, मी स्वतः निवडणार." माझ्या शेजारी माय येर उभी होती, तिनं माझं मनगट असं धरलं, असं धरलं, की वळ उठला.

दुसऱ्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर बघायला हवं होतं तुम्ही! कोण किती वाईट काम करतं याची शर्यत लागली. जी बाई कधी उशिरा आली नाही ती बसस्टॉपवर मुद्दाम एक बस सोडून द्यायची, थंडीत कुडकुडत, दुसरी येईपर्यंत. माय येरनं काटे चमच्यांच्या खणात टाकले आणि चमचे काट्यांच्या खणात. पण स्वभाव हो स्वभाव! तिला ते बघवेना. मान खाली घालून गेली आणि सगळं पुन्हा नीट लावायला लागली, आणि नेमकी तेवढ्यात मिस मेरेडिथ दारात! "बघा, बघा, दुसऱ्यानं केलेला घोळ ही गपचूप निस्तरतेय!" माय येर पांढरीफटक. माझ्याजवळ येऊन कुजबुजते, "लुव्हर्नताई, मी मेले का गं?" मी म्हटलं, "थांब, अजून महिना संपला नाही, अजून कुणीही मरू शकतं."

मग मी ठरवलं, आपण लापशी करपवायची. साधा बेत. मॅनेजर सकाळी फेरी मारते, करपल्याचा वास येईल, नाक मुरडेल, लुव्हर्न यादीतून बाद! आता तुम्हाला सांगते, म्हाताऱ्या माणसांच्या पोटाशी मला वैर धरवत नाही, म्हणून मी चांगलं पातेलं आधी बाजूला काढून ठेवलं आणि एक छोटं पातेलं, फक्त दाखवायचं म्हणून, बुडाला लागू दिलं. आणि काय व्हावं? नवी वाढपी पोरगी गोंधळली आणि ते नेमकं नेऊन ठेवलं मिस्टर टोलेफसनच्या पुढं! मिस्टर टोलेफसन म्हणजे नॉर्वेच्या वंशाचे, शेतकरी, नव्वदी ओलांडलेले, बायको गेल्यापासून तोंडातून शब्द नाही, ताट आलं की बोटानं दूर सारायचं. मी दारामागून बघतेय, जीव मुठीत. त्यांनी चमचा घातला. थांबले. पुन्हा घातला. आणि सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी आई अश्शीच करायची." मिस मेरेडिथ धावली, "काय म्हणालात, मिस्टर टोलेफसन?" तर म्हणतात, "तिला स्वयंपाक येत नव्हता. अजून आहे का?"

मिस मेरेडिथ टाळ्या वाजवतेय, नर्सा डोळे पुसतायत, मिस्टर टोलेफसन वाडगा चाटूनपुसून साफ करतायत, आणि मी दारामागं उभी राहून म्हणतेय, अहो आजोबा, सहा महिने गप्प होता, अजून एक महिना गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? माझं भलं नका करू हो!

त्यानंतर मी एकच केलं. मॅनेजरच्या टाचांचा टकटक आवाज आला की लपायचं. कुठं, तर आमच्या मोठ्या फ्रीजच्या खोलीत, जिथं मांस आणि दूध ठेवतात. आत शिरायचं, दार लावून घ्यायचं, कोंबड्यांच्या खोक्यांमागं बसायचं, टकटक गेली की बाहेर. एकदा बसले. बसले. थंडी वाजेना. म्हटलं, भीतीनं अंगात ताप भरला असेल. हात लावून बघते तर कोंबडी मऊ! वर बघते तर पंखा बंद! अहो, खोली कधीची बंद पडलेली आणि कुणाला पत्ता नाही, आणि सगळ्या म्हाताऱ्यांचं रविवारचं जेवण त्यात! आता सांगा, मी काय करायचं होतं? गप्प बसायचं? तशी एक क्षण गप्प बसले हं, खोटं कशाला बोलू. आमोसचं बदक डोळ्यांपुढं आलं. मग आश्रमातल्या मिसेस लिंडक्विस्टचा चेहरा आला, त्या बाईचं पोट आधीच इतकं नाजूक, ती कोंबडी पोटात गेली असती तर थेट दवाखान्यात. आणि मी ओरडले. असं ओरडले की चर्चमध्ये कधी ओरडले नाही. सगळे धावत आले, सगळ्यांत पुढं मिस मेरेडिथ, आणि काय म्हणावं तिनं? "मिस लुव्हर्न! तुम्ही रोज इथं येऊन तपासणी करता? मला वाटलंच, तुम्ही मधूनमधून कुठं जाता!"

तेव्हाच माझे हातपाय गार पडले, आणि ते काही त्या फ्रीजनं नव्हे.

तर ती छान बातमी ही. तिच्या खोलीत गेले तर टेबलावर केक, केकवर माझं नाव, मी बघितलं आणि मला अर्नेस्टीनचं ते निळं आयसिंग दिसलं. मी म्हटलं, "मॅडम, मला नको." ती म्हणते, "केक नको? शुगर आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, "पगारवाढ नको." मग ती खुर्चीतून उठली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि काय गोड समजावलंय हो! "मिस लुव्हर्न, तुम्ही स्वतःला कमी लेखता. तुमच्यासारख्या बायकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की आपण मागायचं नाही. आरशासमोर उभं राहून रोज म्हणा, मी या पैशाला लायक आहे." मी म्हटलं, "मॅडम, मी लायक आहे हो! मी तर याच्या दुप्पट पैशाला लायक आहे! दुप्पट द्या, उद्या आनंदानं घेते, स्वतः पाळणाघराचे पैसे भरते, वर तुम्हाला मासे खाऊ घालते! पण हे एवढंसं देऊ नका, हे एवढंसं मला परवडत नाही!"

तिला कळेना. ती कुठल्या गावची, तिच्या घरी कुणी कधी ती रेघ पाहिली असेल? म्हणाली, "असं कसं असेल, काहीतरी गैरसमज असणार, आपण काउंटीला फोन करू." लावला फोन. स्पीकरवर. आधी ते संगीत, तुम्ही ऐकलंय ते संगीत, एकच बासरी पुन्हा पुन्हा तीच ओळ वाजवते, ऐकता ऐकता मिस मेरेडिथनं केकचे दोन तुकडे संपवले. मग एक माणूस आला लाइनवर, आवाज झोपाळलेला, "बोला." तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पगार वाढला? अभिनंदन. मग पाळणाघराची मदत बंद होईल." ती म्हणाली, "अहो, पण वाढ केवढी थोडी आहे!" तो म्हणाला, "रेघ ओलांडली ना? मग झालं." ती म्हणाली, "पण यात त्यांचं नुकसान आहे!"  मग त्याचा आवाज एकदम खाली आला, खुर्ची सरकल्यासारखं वाजलं, आणि तो म्हणतो, "ज्यांचा पगार वाढला त्या बाई ऐकतायत का? बाई, मी सांगितलं असं कुणाला सांगू नका. मलाही गेल्या उन्हाळ्यात बढती देत होते. माझी पण दोन पोरं आहेत." मी म्हटलं, "मग काय केलंत हो?" तो म्हणाला, "बॉस यायचा तेव्हा मी फायलींच्या खोलीत लपायचो." मी म्हटलं, "अहो दादा, तिथला पंखा चालू आहे ना, तेवढं बघून घ्या!"

मिस मेरेडिथचा चेहरा असा उतरला की मलाच तिची दया आली. अंगठा तोंडात घालून बसली लहान पोरीसारखी. मग उठली, मुख्य ऑफिसला फोन केला, "ती वाढ मागे घ्या." तिकडून उत्तर, नाव वर गेलंय, आता मागे घेता येत नाही, तशी पद्धत नाही, आजवर कुणी मागितलंच नाही. बरं मग, तास कमी करा. तेही नाही, मानकऱ्याला पूर्ण तास द्यायचे, तो मान असतो! बाहेर माझा फोटो काढायला माणूस उभा. बघा तो फोटो कधी आलात तर, कॅझिमिरच्या शेजारी लावलाय. लोक विचारतात, या बाईचं कुणी गेलं का?

मिस ओपलकडे सांगायला गेले तेव्हाचं मी काय सांगू तुम्हाला. ती भली बाई, मला ओळखते, आमोसला डुकराची सॉसेज आवडत नाहीत हेही तिला ठाऊक. पण तिनं हात पुसत पुसत सांगितलं, "लुव्हर्न, मी जागा धरून ठेवली असती गं. पण दारात नंबर लागलेत. आणि मलाही भाडं आहे." मी म्हटलं, "हो गं, मला कळतं." काय कळतं? मला काही कळत नव्हतं. मी आमोसचा कोट खुंटीवरून काढला. तो म्हणतो, "बिगमा, बदकाला पण नेऊ या ना." मिस ओपलनं ते चित्र काढून त्याच्या हातात दिलं, तेव्हा तिला माझ्याकडे बघवेना आणि मला तिच्याकडे. रस्त्यावर बर्फ होतं, मी त्याचा हात धरला होता, आणि तुम्हाला सांगते, मला भीती वाटत होती. चेष्टेतली नव्हे. लेकराला घेऊन मी उद्या जाऊ कुठं, एवढी साधी भीती. बसमध्ये चढलो तर तो चित्र सगळ्यांना दाखवतोय, "हे माझं बदक, आता ते आमच्याकडे राहणार," आणि एक बाई म्हणते, "वा, किती छान!" मी खिडकीकडे तोंड केलं.

मग काय, चार ठिकाणी हातपाय मारून बघितले. शेजारच्या बाईकडे ठेवला, ती दिवसभर टीव्हीपुढं झोपते, मी येते तर आमोस तिच्या अंगावर पांघरूण घालतोय! एक दिवस कामावर घेऊन गेले, पिठाच्या पोत्यांमागं बसवला, तर तो मिस्टर टोलेफसनच्या मांडीवर सापडला, दोघं मिळून करपलेली लापशी खात होते. मिस मेरेडिथनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, पण तपासणीवाले पाहतील तर तिची नोकरी जाईल, हे तिनंच डोळे पुसत मला सांगितलं. शेवटी मी राजीनामा दिला. महिन्याची मानकरी! भिंतीवर फोटो ताजा, आणि बाई घरी.

घरी बसून काउंटीला फोन केला. आधी बासरी. मग तोच माणूस, झोपाळलेला. मी म्हटलं, "दादा, मी ती पंखा बघायला सांगणारी." म्हणाला, "बोला ताई, काय झालं?" मी म्हटलं, "नोकरी सोडली. आता माझी कमाई शून्य. आता तर मी रेघेच्या अलीकडे आहे ना? पुरती जमिनीवर आहे ना?" तो म्हणाला, "हो, आता तुम्ही अगदी बसता. पूर्ण मदत मिळेल." मी म्हटलं, "देवा, तुझे उपकार!" तो म्हणाला, "थांबा ना. पण ही मदत कामाला जाणाऱ्या माणसांसाठी आहे. तुम्ही घरीच आहात, मग मुलाला पाळणाघर कशाला? आधी नोकरी धरा." मी म्हटलं, "अहो, पाळणाघर नाही म्हणून तर नोकरी सोडली!" तो म्हणाला, "ते बरोबर आहे." पुन्हा खुर्ची सरकल्याचा आवाज. "ताई, मी सांगितलं असं सांगू नका. नोकरी धरा, पण छोटी धरा. जेवढी छोटी मिळेल तेवढी."

गेले मी. गेले पुन्हा त्याच वृद्धाश्रमात, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. मिस मेरेडिथनं मला बघितलं आणि मिठीच मारली. मी म्हटलं, "मॅडम, मला परत घ्या." ती म्हणाली, "अहो, लगेच! पण..." आणि तिथं तिची जीभ अडखळली, ओशाळून लाल झाली. "मुख्य ऑफिसचा नियम आहे, मिस लुव्हर्न. सोडून गेलेला माणूस परत आला तर तो नवा धरतात. नऊ वर्षं जातील. शिकाऊ म्हणून घ्यावं लागेल. शिकाऊचा पगार फार कमी आहे हो, मला सांगायलाही लाज वाटते." मी विचारलं, "किती कमी?" तिनं सांगितला. मी मनात रेघ ओढली, पगार तिच्याखाली ठेवून बघितला. बसला! चांगला ऐसपैस बसला! मी म्हटलं, "मॅडम, सही कुठं करू?" आणि तिचं मन बदलायच्या आत केली. ती रडत होती, मी हसत होते, दारातून बघणाऱ्या माणसाला वाटलं असेल की हिला काढलं आणि मला मॅनेजर केलं.

मिस ओपलकडे जागा मिळाली, सगळ्यात शेवटची. बदक परत खुंटीवर गेलं. आमोस म्हणाला, "बिगमा, त्याला आपल्याकडे करमत नव्हतं." बरं झालं बाबा, म्हटलं.

आणि शिकाऊ म्हणजे काय, खरोखर शिकावं लागतं हं! नियम! मला शिकवायला कोण, तर माय येर! जिला मी पातेलं कसं धरायचं ते शिकवलं, ती माझ्यापुढं उभी, मान खाली, कानापर्यंत लाल, "लुव्हर्नताई, हा डाव. यानं... ढवळायचं." मी म्हटलं, "असं होय! कुठल्या बाजूनं?" ती इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. मी मात्र हसले नाही. मला चुकायचं होतं. मी मुद्दाम मीठ विसरायची, ताटं उलटी लावायची, विचारलेलं पुन्हा विचारायची, कारण नव्या माणसावर मॅनेजरची नजर जास्त असते.

आणि काल काय झालं सांगू? मिस मेरेडिथ टाचा वाजवत आली, मला लपायला वेळच मिळाला नाही, आणि हळूच, अगदी अपराधी चेहऱ्यानं म्हणाली, "मिस लुव्हर्न, मला तुम्हाला सांगायलाच हवं. शिकाऊला तीन महिने पूर्ण झाले की आपोआप पगार वाढतो. मला तो थांबवता येत नाही. मी विचारून आले." मी डाव खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. आणि तुम्हाला खरं सांगू, आम्हा दोघींना एकाच वेळी सुचलं, शब्द बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. तीन महिने भरायच्या आदल्या दिवशी मी राजीनामा देणार. ती मिठी मारून माझी रवानगी करणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी हातात घेऊन येणार, नवी. मग पुन्हा तीन महिने. मग पुन्हा नवी.

आता पन्नाशी उलटली माझी. गुडघे माझेही बोलायला लागलेत. पण काळजी नाही, आमोस मोठा होईपर्यंत मी करीन की ढवळाढवळ... आणि ज्या दिवशी थकून कायमची घरी बसेन ना, त्या दिवशी हे लोक मला निरोपाचा केक देतील, आणि त्यावर लिहिलेलं असेल, 'आमच्या लाडक्या शिकाऊ लुव्हर्नला. अजून थोडी थांबली असती तर शिकली असती.'